गहाण शेत सोडवताना

(फेब्रुवारी महिन्यात बुलढाणा येथे भगिनी मंडळ व तरुण संघाच्या एकत्र मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे कर्जाचा. कर्जाचं नाव काढलं की मंडळीत सगळे खाली बघायला लागतात. ज्यांच्या घराचे बँकेचे हप्ते चालू आहेत त्यांच्यासाठीही पुढे दोन गोष्टी येतील, पण आज मला बोलायचं आहे ते गहाण पडलेल्या शेताबद्दल.

नहेम्याचा पाचवा अध्याय आपण फार क्वचित वाचतो. यरुशलेमेची भिंत बांधली जात आहे आणि मधेच लोकांची ओरड उठते. दुष्काळात धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडली आहेत. राजाचा कर भरायला कोणी कर्ज काढलंय, कोणाची मुलं गुलामगिरीत गेली आहेत. आणि गहाण ठेवून घेणारे परके नाहीत, आपलेच भाऊबंद आहेत. नहेम्या संतापतो, पण संताप करून थांबत नाही. तो सभा बोलावतो, त्याच दिवशी शेतं परत करायला सांगतो, घेतलेला शंभरावा हिस्साही परत मागतो, आणि याजकांना बोलावून सर्वांसमक्ष शपथ घेववतो. तो शंभरावा हिस्सा म्हणजे महिन्याचं व्याज, असं बरेच अभ्यासक मानतात. वर्षाला बारा टक्के झाले. आपल्याकडे खेड्यात शेकडा तीन रुपये महिना हा दर कोणाला जड वाटत नाही, इतकी सवय झाली आहे. म्हणजे वर्षाला छत्तीस.

आता आपल्या जिल्ह्यातली गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यात एक कोरकू कुटुंब आहे. नाव-गाव सांगत नाही, त्यांनीच तशी विनंती केली आहे. तीन एकर कोरडवाहू. तीन वर्षांपूर्वी घरातल्या बाईचं ऑपरेशन झालं, त्यासाठी चाळीस हजार रुपये घेतले. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर अंगठा, आणि शेताचा ताबा देणाऱ्याकडे. तो पेरतो, तोच काढतो. पीक हे व्याज, मुद्दल जागच्या जागी. निंदणाच्या दिवसांत हेच नवराबायको त्याच शेतात रोजंदारीनं जातात आणि दिवाळीनंतर मुलं घेऊन ऊसतोडीला निघतात. "ताई, मुद्दल कधी फिटन?" असं त्या बाईंनी मला विचारलं. या पद्धतीत ते कधीच फिटत नाही. हेच तीन एकर एकरी आठ हजारांच्या ठोक्यानं दिले असते तर वर्षाला चोवीस हजार आले असते. तीन वर्षांचे बहात्तर हजार. घेतले होते चाळीस.

(ऑपरेशनचा खर्च कदाचित महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसलाही असता. रेशनकार्ड घेऊन कोणीतरी आधी चौकशी करायला हवी होती. कोणी दवाखान्यात निघालं की आपल्यातल्या शिकलेल्या माणसानं सोबत जायचं, एवढं जरी आपण ठरवलं तरी पुष्कळ शेतं वाचतील.)

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९७४ च्या दुरुस्तीनं कलम ३६-अ आलं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकणं, बक्षीस देणं, गहाण देणं, पट्ट्यानं देणं, यातलं काहीही जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. बाप्तिस्मा घेतल्यानं अनुसूचित जमातीचा दर्जा जात नाही, तेव्हा हे संरक्षणही जात नाही. कोणी उलट सांगून आपल्या माणसांना घाबरवत असेल तर ऐकून घेऊ नका. वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा तर कोणाच्याच नावे करता येत नाही, तो फक्त वारसांकडे जातो. शिवाय २०१४ च्या सावकारी अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय व्याजानं पैसे देणं हा गुन्हा आहे. तक्रार तालुक्याला सहायक निबंधकांकडे किंवा जिल्ह्याला उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते.

मग आपल्या कमिटीत प्रश्न आला, आणि तो बरोबरच होता. गहाणच कायद्यानं टिकत नाही तर मंडळीनं पैसे का भरायचे? उलट त्या माणसाला बक्षीस दिल्यासारखं होईल.

मी हा प्रश्न त्या कुटुंबापुढे ठेवला. घरधनी म्हणाले, पैसे घेतले ते घेतले, तेवढे देऊ, त्यानं पीक खाल्लं ते त्याचं त्याला. गावात ट्रॅक्टर त्याच माणसाचा आहे, ऑगस्टमध्ये ज्वारी उधार तोच देतो, रस्त्यावर रोज तोंडं दिसतात. कज्जा लढून जमीन मिळेलही, पण तिथं राहायचं त्यांना आहे, आपल्याला नाही. म्हणून मी त्यांच्या बाजूनं बोलले आणि कमिटीनं मानलं. मात्र अटी घातल्या. मुद्दलापलीकडे एक रुपया नाही. पैसे कुटुंबाच्या हाती न देता पोलीस पाटलांसमक्ष द्यायचे, पावती घ्यायची, मूळ स्टॅम्पपेपर परत घ्यायचा आणि पाडव्याच्या आत ताबा. पाडव्यानंतर नांगरट सुरू झाली की मग वर्ष गेलं. आपल्या मंडळीतल्या निवृत्त तलाठीभाऊंनी अर्जही लिहून ठेवला आहे. समोरचा फिरला तर तो अर्ज जाईल. अर्ज तयार आहे हे त्यालाही कळलं आहे, आणि बोलणी तेव्हापासून जरा सोपी झाली.

मंडळीनं अशा कामात पडावं का, असं अजूनही कोणाला वाटत असेल तर छोटानागपूरचं उदाहरण देते. फादर हॉफमन नावाचे जर्मन जेझुइट मुंडा आदिवासींमध्ये राहिले. त्यांची भाषा शिकले, जमिनीचे रिवाज लिहून काढले, आणि १९०८ च्या छोटानागपूर कुळकायद्याला त्या कामाचा आधार झाला. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, त्यांनी सहकारी पतसंस्था काढली, म्हणजे लोकांना सावकाराच्या दारी जावं लागू नये. आदिवासींनीच थोडे थोडे पैसे घातले. धान्याच्या पेढ्याही निघाल्या. ते कॅथलिक होते आणि आपण नाही, पण चांगली गोष्ट शिकायला अडचण नसावी.

पैसा कसा जमतो आहे तेही सांगते. मिझोरमच्या मंडळ्यांत शंभराहून अधिक वर्षं बायका स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. तिथं त्याला बुहफाई थाम म्हणतात. आपल्या भगिनी मंडळानं नोव्हेंबरपासून तेच धरलं. कोणी ज्वारी, कोणी गहू, कोणी तुरीची डाळ. तीन महिन्यांत त्याचे ३,१५० रुपये झाले. रक्कम मोठी नाही, पण ज्यांच्या हातात नगद नसते त्या म्हाताऱ्या बायकाही यात आहेत, आणि कोण किती देतं ते कोणाला दिसत नाही. हंगामाच्या उपकारस्तुतीच्या लिलावात ६,२०० आले. एक कोहळं पाच वेळा विकलं गेलं, घेणारा प्रत्येक जण ते परत टेबलावर ठेवत होता, शेवटी पाळकीणबाईंनी त्याची भाजी करून सगळ्यांना वाढली. नऊ घरांनी हजार-हजार रुपये बिनव्याजी उसने दिले, हंगामानंतर परत घेण्याच्या बोलीवर. कुटुंबानं ऊसतोडीच्या उचलीतून स्वतः आठ हजार घातले. एकूण २६,३५०. राहिले १३,६५०.

त्यांचे आठ हजार मला सगळ्यांत मोलाचे वाटतात. ही मदत दान म्हणून देऊ नका, उसनवारी म्हणून द्या. सोयाबीन निघालं की जमेल तसं ते परत करतील. त्यातून नऊ घरांचे पैसे फिटतील, उरलेलं पेटीत राहील, दुसऱ्या घरासाठी. आणि कृपा करून त्यांना इथं पुढे उभं करून साक्ष द्यायला लावू नका, फोटो काढू नका.

घराचे हप्ते भरणाऱ्यांसाठी सांगायचं होतं ते हेच. एखाद्या घरात नोकरी गेली, आजारपण आलं तर दोन-तीन हप्ते मंडळीनं उसने भरावेत. थकल्यावर चर्चा करण्यापेक्षा पहिला हप्ता चुकण्याआधी बँकेत सोबत जावं. आणि लग्नात बँडचा खर्च एक तास कमी केला तरी कोणाचा तरी हप्ता निघतो. असो.

पैसे ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी दिवस द्यावा. ताबा मिळाल्यावर शेत साफ करायला तरुण संघाची वीस मुलं एक शनिवार आली तर तेवढी मजुरी वाचते. कोणाचा ट्रॅक्टर असेल तर नांगरटीचे पैसे दिवाळीनंतर घ्यावेत. बँकेत काम केलेल्या भावांनी त्यांना किसान क्रेडिट कार्डासाठी घेऊन जावं. सातबारा त्यांच्याच नावावर आहे. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत वेळेवर परतफेड करणाऱ्याला तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज शून्य टक्क्यानं पडतं. आपण छत्तीस टक्के मोजतो कारण बँकेच्या पायरीची भीती वाटते.

खरी भीती मला जूनची आहे. शेत सुटलं आणि पेरायला पैसे नसले तर पोळ्याच्या आधी ते परत त्याच दारात जाईल. तीन एकर सोयाबीनला नव्वद किलो बियाणं लागतं. ज्या शेतकरी भावांकडे घरचं चांगलं बियाणं आहे त्यांनी थोडं थोडं राखून ठेवावं, पण द्यायच्या आधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून बघा. सत्तर तरी उगवायला हवेत. न उगवणारं बियाणं देऊन आपण त्यांना पुन्हा कर्जात घालू.

वही आणि धान्याची पोती दाराजवळच्या टेबलावर आहेत. वहीत दोन रकाने केले आहेत, एक उसन्या पैशांचा, दुसरा दिवसांचा. पाडव्याच्या आधीच्या गुरुवारी पैसे द्यायला जायचं ठरलं आहे. पोलीस पाटलांखेरीज आपले दोन साक्षीदार हवेत, वाचता येणारे आणि आवाज न चढवणारे. ज्यांना यायचं आहे त्यांनी प्रार्थनेनंतर मला भेटावं, गाडी सकाळी सहाला निघेल.