घरी येते, पेपरात अडते



जबलपुरातील आपल्या मराठी घरांतून एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते : "घरी विचारले तर घडाघडा सांगतो, पेपरात मात्र अडतो!" आणि मग मुलगा निष्काळजी ठरतो. आमच्या मते हा निवाडा अन्यायाचा आहे. घरी तो मराठीत सांगतो, तेही आईने पहिला शब्द पुरविल्यावर. पेपरात तेच हिंदीत वा इंग्रजीत, कोणाच्याही आधाराविना लिहावयाचे असते. ती सवय त्याला कोणी लावली?

वाचणे निराळे, आठवणे निराळे. रोडिगर व कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार बैठकींत उतारा केवळ वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर सुमारे ४० टक्के आठवला. एका बैठकीत वाचून पुढील तिन्हींत न पाहता लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. मौज अशी, की आत्मविश्वास अधिक होता तो नुसते वाचणाऱ्यांनाच!

तेव्हा पालकहो, धडा संपताच पुस्तक मिटवा, घड्याळ लावा आणि परीक्षेच्याच भाषेत उत्तर लिहवून घ्या. ज्याची छाती धडधडते, त्याने पेपरापूर्वी दहा मिनिटे आपली भीतीच कागदावर उतरवावी. शिकागोच्या संशोधकांना २०११ साली याचा लाभ दिसून आला. पेपरात येणारे प्रश्न आधी सोडवावेत. गोल रंगवावयाचे असल्यास प्रश्नक्रमांक मात्र दर वेळी ताडावा. एक प्रश्न सोडला, की पुढचे सारे गोल सरकतात.