कामाला बांधलेले जंतू

जंतू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पटकी, विषमज्वर आणि क्षय हेच उभे राहतात. परंतु जंतुसृष्टीत रोग उत्पन्न करणारे जंतू अगदी थोडे. उरलेल्या असंख्य जंतूंपैकी पुष्कळांचा व्यवसाय, कुजलेले आणि टाकून दिलेले पदार्थ खाऊन त्यांची पुन्हा माती, पाणी आणि वायू करणे, हाच होय. त्यांनी हे काम थांबविले, तर पृथ्वीवर पाय ठेवावयास जागा उरणार नाही.

कारखान्यांच्या सांडपाण्यावर ह्याच जंतूंची योजना करता येते. अडचण एवढीच की, वाहत्या पाण्यात सोडलेले जंतू पाण्याबरोबर वाहून जातात. राहतात त्यांना इतर सूक्ष्म जीव खाऊन टाकतात. आणि विषारी रसायनाचा लोंढा एकाएकी आला, म्हणजे उरलेसुरलेही मरतात. ह्यावर उपाय म्हणजे त्यांना एका जागी बांधून ठेवणे.

ही कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत शिरका करणारे लोक लाकडाच्या ढलप्यांनी भरलेल्या पिंपातून मद्यार्काचे पाणी झिरपू देत. ढलप्यांवर वस्ती केलेले जंतू त्याचा शिरका करीत आणि स्वतः तेथेच राहत. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस इंग्लंडात दगडगोट्यांच्या थरांवरून सांडपाणी शिंपडून ते शुद्ध करण्याची पद्धत निघाली. ओढ्यातील दगडावर पाय घसरतो, तो ज्या बुळबुळीत थरामुळे, तसाच जिवंत थर त्या दगडांवर धरतो आणि पाण्यातील घाण पचवितो.

आज जंतू मुद्दाम कोंडताही येतात. समुद्रातील शेवाळापासून अल्जिनेट नावाचा चिकट पदार्थ मिळतो. त्यात जंतू कालवून ते मिश्रण कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंबाथेंबाने सोडले की, प्रत्येक थेंबाचा भिजलेल्या साबुदाण्यासारखा मऊ मणी बनतो. अन्न आणि प्राणवायू आत जातात. जंतू मात्र सहसा बाहेर निसटत नाही. १९८४ साली बेटमान आणि रेम ह्या जर्मन संशोधकांनी दाखवून दिले की, फिनॉल ह्या विषारी द्रव्याच्या ज्या प्रमाणात मोकळे जंतू वाढू शकत नाहीत, त्या प्रमाणातही असे बांधलेले जंतू ते पचवितात. बंधन हेच येथे कवच ठरते.

आपल्या देशातही हे ज्ञान प्रयोगशाळेबाहेर आले आहे. दिल्लीच्या 'टेरी' संस्थेने खनिज तेल खाणाऱ्या जंतूंचे मिश्रण तयार केले. ते 'ऑइलझॅपर' ह्या नावाने ओळखले जाते. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाच्या भुकटीवर हे जंतू बसविलेले असतात. शेतकरी जे टाकून देतो, ते त्यांचे घर झाले! तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांतील तेलकट गाळ निर्धोक करण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले, तेव्हा किनाऱ्याच्या सफाईसाठीही त्यांना पाचारण करण्यात आले होते.

तथापि ह्या सेवकांच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. थंडीत ते मंदावतात. मणी मोठा असला तर त्याच्या गाभ्यापर्यंत प्राणवायू पोचत नाही. शिसे किंवा पारा ही मूलद्रव्ये असल्यामुळे कोणताही जंतू त्यांचे विघटन करू शकत नाही. फार तर तो त्यांचे रूप पालटील किंवा त्यांना धरून ठेवील. आणि तेलाचा गाळ पचावयास दिवस नव्हे, महिने लागतात.

कारभार पाहणाऱ्या माणसाला ह्यातून एक मोह होण्याचा संभव असतो. सफाई करणारा स्वस्त गडी मिळाला, तेव्हा घाण करावयास हरकत नाही, असे त्याला वाटू लागते. हा हिशेब चुकीचा आहे. नदीत मिसळून दूरवर पसरलेले विष जंतूंच्या स्वाधीन करणे दुर्घट. तेच विष कारखान्याच्या आवारात, एका टाकीत, मण्यांच्या थरातून जाऊ दिले तर काम सुकर होते. म्हणून जंतूंना बांधण्याचे शास्त्र जितके महत्त्वाचे, तितकेच सांडपाण्याला कुंपणाच्या आत अडविण्याचे शासनही महत्त्वाचे. पहिले काम शास्त्रज्ञांनी बरेचसे केले आहे. दुसरे मात्र जंतूंवर सोपविता येणार नाही.