पुढारी की मुकादम?
(मांजरसुंबा येथील सभेत केलेले भाषण)



दसरा सरला की ऊसतोडीला निघालेल्या गाड्या या मांजरसुंब्याच्या नाक्यावरून जातात. मागं माणसं, पोरं, भांडीकुंडी. आणि पुढं ड्रायव्हरशेजारी मुकादम. आम्ही सूतगिरणीतली माणसं, पण भाऊबंद आमचे त्या गाडीतच असतात. म्हणून आज 'मुकादम' या शब्दाचीच चौकशी करू.

शब्द अरबी आहे. मूळ मुकद्दम, म्हणजे पुढे ठेवलेला. पावलाला आपण कदम म्हणतो, तोही त्याच घराण्यातला. जुन्या मराठी कागदांत गावच्या पाटलालाच मोकदम म्हटले आहे. आपला मराठी शब्द पुढारी. तो 'पुढे'तून निघाला. खेड्यात पुढं नाही, म्होरं म्हणतात, म्हणून म्होरक्या. नेता हा संस्कृतातला, नेतो तो नेता. नायकही त्याच मुळाचा. मुंबईच्या गिरण्यांत वायंडिंग खात्यातल्या बायांवर जी देखरेख करी, तिला नायकीण म्हणत.

सगळे शब्द पुढे असणाऱ्याचेच. पण फरक ध्यानात घ्या. पुढारी आपल्या पायांनी पुढे चालतो. मुकादम पुढे ठेवलेला असतो. मग विचारा की, ठेवला कोणी?

मुंबईच्या गिरण्यांत जॉबरलाही मुकादम म्हणत. त्याला मालकाने ठेवले होते. कामावर घेणे त्याच्या हाती, काढणेही त्याच्याच हाती, वर दस्तुरी. ऊसतोडीत कारखान्याची उचल मुकादमाच्या हातून येते, आणि ती फिटेपर्यंत नवरा-बायकोचा कोयता बांधलेला राहतो. आमच्यातल्या कित्येकांनीही गिरणीत लागताना अशाच एकाच्या हातावर पैसे ठेवले, आणि वर त्यालाच पुढारी म्हणालो! त्याने पैसे खाल्ले, पण तो मान त्याला आम्हीच दिला.

याउलट नारायण मेघाजी लोखंडे पाहा. ते गिरणीत स्टोअरकीपर होते. नोकरी सोडून ते कामगारांचे झाले. गिरणी कामगारांच्या सह्या जमवल्या, सभा भरवल्या, आणि 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्यांना मालकाने पुढे ठेवले नव्हते. कामगार मागे उभे राहिले, म्हणून ते पुढारी.

21 नोव्हेंबर 1955 रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्रासाठी 106 जणांनी प्राण दिले, तेव्हा कुठे 1 मे 1960 उजाडला. त्या जागी आज हुतात्मा चौकात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. त्यांतल्या बहुतेकांना जिवंतपणी कोणी पुढारी म्हटले नव्हते. पण गोळी आली तेव्हा पुढे तेच होते.

तेव्हा बंधूंनो, पुढारी हा शब्द फुकट देऊ नका. जो मागेल त्याला आधी तीन गोष्टी विचारा. तुला पुढे कोणी ठेवले? तुझे तोंड कोणाकडे, आमच्याकडे की मालकाच्या केबिनकडे? वर्गणीचा हिशेब भर सभेत देतोस का?

उत्तर आले तर खांद्याला खांदा लावू. नाही आले तर तो मुकादम समजावा. आणि आपण मागेच बसून राहिलो तर पुढारी कोणाच्या पुढे चालणार? तो शब्द खरा करणे त्याच्या जेवढे हाती, तेवढेच आपल्याही.

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!