पांढरी भुकटी आणि खारं पाणी



भिंतीचा पांढरा रंग आणि उन्हात जाताना लावायचं क्रीम, या दोन्हींत अनेकदा एकच पांढरा पदार्थ असतो: टायटॅनियम डायऑक्साइड. ज्या खनिजातून तो काढतात, ते इल्मेनाइट आपल्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूतही आहे.

आम्ही अमरावतीत रसायनशास्त्र शिकणाऱ्या मैत्रिणी याच पदार्थाचे नॅनोकण बनवतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, की एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आमचे कण साधारण 10 ते 20 नॅनोमीटरचे.

कृती स्वयंपाकासारखीच. टायटॅनियमचं द्रवरूप संयुग अल्कोहोलमध्ये मिसळायचं आणि ढवळत ढवळत थेंब थेंब पाणी सोडायचं. पहिल्यांदा आम्ही घाई केली. पाणी एकदम पडलं आणि पिठल्यात होतात तशा गुठळ्या झाल्या! नीट जमलं, की खळीसारखं दाट जेल होतं. ते वाळवून भट्टीत सुमारे 450 अंश सेल्सिअसवर भाजायचं. आच फार वाढवली तर कण मोठे होतात आणि त्यांचा गुण कमी होतो.

गुण कोणता? उन्हातले अतिनील किरण पडले, की या कणांच्या पृष्ठभागावर पाणी आणि हवेतला ऑक्सिजन यांपासून अतिशय क्रियाशील घटक तयार होतात. ते कापडाच्या रंगाचे रेणू तोडतात, जंतूही मारतात. आणि उन्हाची आपल्या वऱ्हाडात काय कमी?

हे ऐकून दर्यापूरकडच्या एका मावशींनी विचारलं, “पोरीहो, हे आमच्या खाऱ्या पाण्यात टाकलं त गोड होईन काय?”

नाही, मावशी. रंगाचा रेणू तुटतो. विरघळलेलं मीठ तसंच राहतं. खारपाणपट्ट्यात पावसाचं साठवलेलं पाणी किंवा आरओ, असे उपाय आहेत. कुणी ‘नॅनो’ म्हणून भुकटी विकायला आलं, तर ती पिण्याच्या पाण्यात टाकू नका.

आणखी एक. ही भुकटी श्वासात जाऊ देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2006 मध्ये तिला कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांत ठेवलं, ते मुख्यतः श्वासातून जाणाऱ्या धुळीमुळे. म्हणून आम्ही मास्क लावूनच काम करतो. तुम्हीही जुना रंग खरवडताना नाकातोंडाला नीट मास्क लावा, लेकरांना दूर ठेवा.

येतो आम्ही. नमस्कार!