इसार की उचल?
(स्नेहसंमेलनाच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू एमबीए करताना आंतरराष्ट्रीय व्यापाराचा कायदा शिकलीस म्हणे, त्यावर दहा मिनिटं बोल." जेवणं झाली आहेत, वर मांडवात पंखे आहेत, आणि विषय कायदा. म्हणजे निम्म्या लोकांच्या झोपेची सोय मी आधीच केली आहे. पण मला आज जे सांगायचं आहे त्यातला काही भाग इथे बसलेल्या तीन घरांशी संबंधित आहे, म्हणून मी हो म्हटलं.

१९९९ चा फेब्रुवारी. मी बारावी कॉमर्सला होते. आपल्या तासगाव भागात तेव्हा "युरोपला माल जातोय" या बोलण्याला फार मान होता. आमच्या आबांनी आणि गल्लीतल्या चौघांनी मिळून एक कंटेनर भरायचं ठरवलं. निर्यातदार बाहेरचा होता, त्याचं नाव आज घेत नाही. तो चार पानांचा इंग्रजी कागद ठेवून गेला. पाचही जणांत इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं. आबा म्हणाले, "आमच्या पोरीला इंग्रजीत बक्षीस मिळालंय." ते बक्षीस म्हणजे आपल्या शाळेनं दिलेली डिक्शनरी. सर, तुमच्याच हातून घेतली होती.

ओसरीवर पाच जण बसलेले आणि मी मधे डिक्शनरी घेऊन. "कन्साइनमेंट बेसिस" असा शब्द आला. डिक्शनरीत होतं, पाठवलेला माल. मी सांगितलं, "माल पाठवायचा, असं लिहिलंय." सगळ्यांनी माना हलवल्या. पुढे "अ‍ॅडव्हान्स" आला, किलोमागे पंधरा रुपये. मी म्हटलं, "पंधरा रुपये इसार."

इसार म्हणजे काय हे इथल्या कुणालाही सांगायला नको. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरला, इसार हातावर पडला, की सौदा झाला. बैल मग दावणीला मेला तरी भांडण कशाचं करायचं ते ठरलेलं असतं. आबांनी आणि बाकीच्यांनी तेच धरलं. सौदा झाला, वरचे पैसे माल विकल्यावर. पाचही सह्या झाल्या.

द्राक्षं उत्तम होती. तास-ए-गणेश, मणी एकसारखा. पेटीत सल्फरचे कागद घालून, प्रीकूलिंग करून माल न्हावाशेव्याला गेला, तिथून तीन आठवड्यांच्या आसपास समुद्रातून रॉटरडॅमला. मे महिन्यात हिशेब आला. मणी मऊ पडले, पेट्या पुन्हा भराव्या लागल्या, शीतगृहाचं भाडं, तिथल्या दलालाचं कमिशन, सगळं वजा करून शेवटच्या ओळीत आकडा उणे होता. पंधरा रुपयांतलेसुद्धा काही परत द्या, असं ते पत्र सांगत होतं. पाचही जण पुढचं वर्षभर एकच वाक्य घेऊन भांडत राहिले, "इसार दिलास, सौदा झाला, आता माल नासला तर तुझा." निर्यातदार हसायचा आणि कागद दाखवायचा. एका घरची मोटारसायकल त्या वर्षी गेली, एकाच्या मुलीचं लग्न पुढे ढकललं.

२००३ मध्ये मी पुण्यात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा हा ऐच्छिक विषय होता. तो मी घेतला याचं कारण एवढंच, की दुसरा पर्याय संख्याशास्त्राचा होता. आम्ही वकील होणार नव्हतो. शिकवणाऱ्या बाई पहिल्याच तासाला म्हणाल्या, वकिलाकडे कधी जायचं एवढं तुम्हाला कळलं तरी मी पास झाले.

मला विषय आवडला, कारण त्यात गोष्टी होत्या. एफओबी म्हणजे काय, तर विकणाऱ्याची जोखीम कुठे संपते याचा ठराव. पॅरिसचं आंतरराष्ट्रीय चेंबर ऑफ कॉमर्स १९३६ पासून या अटी छापतं, त्यांना इन्कोटर्म्स म्हणतात. आम्ही शिकलो तेव्हाच्या २००० च्या आवृत्तीत जोखीम जहाजाच्या कठड्यावर बदलायची. क्रेनला लटकलेली पेटी कठड्याच्या अलीकडे पडली तर नुकसान विकणाऱ्याचं, पलीकडे पडली तर घेणाऱ्याचं. पेटी बरोबर कठड्यावरच आपटली तर, यावर आमच्या वर्गात पूर्ण तास गेला. पुढे २०१० च्या आवृत्तीत तो कठडा काढून टाकला. मला जरा वाईटच वाटलं. पतपत्राचं म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटचं तर आणखी नवल. बँक माल बघतच नाही, फक्त कागद बघते. द्राक्षं अमृतासारखी असली आणि कागदात चूक असली तर पैसे अडतात.

सर्वांत लक्षात राहिला तो जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल. न्यूझीलंडचे शिंपले एका स्विस व्यापाऱ्यानं जर्मनीत विकले. त्यांत कॅडमियम तिथल्या शिफारशीपेक्षा जास्त निघालं. घेणारा म्हणाला, पैसे देणार नाही. न्यायालय म्हणालं, तुमच्या देशाचे आरोग्याचे नियम विकणाऱ्याला माहीत असतीलच असं धरता येत नाही. करारात लिहून घ्यायचं होतं. हा निकाल मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीच्या १९८० च्या व्हिएन्ना करारावर दिलेला. भारत त्या करारात नाही, नेदरलँड्स आहे. म्हणजे आपला माणूस डच कायदा मान्य करून सही करतो, तेव्हा नकळत त्या कराराच्याही कक्षेत जाऊ शकतो.

आणि मग एका मंगळवारी बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. विक्री, आणि कन्साइनमेंट. विक्रीत माल घेणाऱ्याचा होतो. कन्साइनमेंटमध्ये माल शेवटपर्यंत पाठवणाऱ्याचाच राहतो. मधला माणूस घेणारा नसतोच, तो आपला अडत्या. त्यानं आधी दिलेले पैसे किमतीपोटी नसतात, पुढच्या हिशेबातून कापून घ्यायचे असतात.

मी वहीत लिहीत होते ते थांबले. ती उचल होती. ऊसतोडीच्या टोळीला देतात तशी. मी त्या दिवशी ओसरीवर "इसार" ऐवजी "उचल" म्हटलं असतं, तर त्या पाचांतला प्रत्येक जण सही करण्याआधी दहा प्रश्न विचारता. उचल म्हणजे काय हे त्यांना कुठल्याही वकिलापेक्षा जास्त कळत होतं.

तास संपल्यावर मी बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "मग भांडण चुकीचं झालं. माल तुझा, असं त्याला म्हणायचंच नव्हतं. माल आमचा, तू आमचा अडत्या, शीतगृहाची पावती दाखव, असं म्हणायचं. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात कलम २१३ आहे, मागितल्यावर अडत्यानं हिशेब द्यायलाच हवा." मी विचारलं, आता? त्यांनी तारीख विचारली आणि गप्प झाल्या. अशा दाव्याला मुदत तीन वर्षांची. ती उलटून गेली होती. शिवाय कागदात वाद लंडनच्या लवादापुढे नेण्याचं कलम होतंच. तेही मी त्या दिवशी वाचलं होतं, "लंडनचा काहीतरी नियम आहे" असं सांगून पुढे गेले होते.

दिवाळीत घरी आल्यावर आबांना सगळं सांगितलं. ते गोठ्यात होते. ऐकून घेतलं, हातातली वैरण टाकली. म्हणाले, "आता सांगून कुणाचं काय भरून येणार हाय? तू सतरा वर्साची हुतीस. गल्लीत बोलू नगंस." नंतर मोटार चालू करायला मळ्यात निघून गेले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही नाही. आबांना जाऊन आता चार वर्षं झाली.

मी पुण्यात एका निर्यात करणाऱ्या कारखान्यात करारांचं काम बघते. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशावरून आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, तेव्हा गावाकडून मला फोनावर फोन आले. मला शिंपले आठवत होते, आणि समोरच्याला मी पहिला प्रश्न विचारत होते, कागदावर विक्री लिहिलंय की कन्साइनमेंट? बऱ्याच जणांना ते माहीत नव्हतं. काहींनी फोन चालू ठेवून ट्रंक उघडली.

सर, चूक डिक्शनरीची नव्हती. तिनं बरोबर अर्थ दिला होता, मी तिथेच थांबले. आणि ज्या तीन घरांची मुलं इथे बसली आहेत, त्यांच्या वडिलांना मी जे वाचून दाखवलं ते चुकीचं होतं, हे मी त्यांच्या हयातीत सांगायला हवं होतं. तुमच्यापैकी एकाचे वडील अजून आहेत. संध्याकाळी त्यांच्याकडे जाणार आहे.

तो कागद आबांच्या ट्रंकेत सापडला, आज बरोबर आणला आहे. पाच सह्या आहेत, त्यात एक अंगठा. चहाच्या वेळी मी डाव्या बाजूच्या वर्गात बसते, आपला दहावी ब. ज्याला बघायचा असेल त्यानं यावं.