वाया जाणारी ऊब
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्ही व्यवसायाने डॉक्टर; अणुशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु या देशात दर हिवाळ्यात आमच्याकडे छाती भरलेले वृद्ध येतात आणि सांगतात, 'बिल परवडत नाही, म्हणून हीटिंग बंद ठेवतो.' थंड खोलीवर आमच्यापाशी औषध नाही. म्हणूनच अणुवीजकेंद्रांतून वाया जाणाऱ्या उष्णतेविषयी बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

सफोकच्या किनाऱ्यावरील साइझवेल बी केंद्राची अणुभट्टी सुमारे ३,४०० मेगावॅट उष्णता निर्माण करते. तिच्यापासून वीज मिळते सुमारे १,२०० मेगावॅट. उरलेली बहुतेक उष्णता उत्तर समुद्रात जाते. हा तंत्रज्ञांचा निष्काळजीपणा नव्हे. उष्णतेपासून काम घ्यावयाचे तर तिचा काही भाग थंड बाजूस सोडावाच लागतो, हे फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ साली दाखवून दिले. वाफ जितकी तप्त, तितका विजेचा वाटा अधिक. साइझवेलच्या भट्टीतील पाणी प्रचंड दाबाखाली राहूनही सव्वातीनशे अंशांच्या आसपासच तापते. स्कॉटलंडमधील टॉर्नेस येथे पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू उष्णता वाहून नेतो. तेथे वाफ पाचशे अंशांपलीकडे जाते आणि कार्यक्षमता सुमारे ४१ टक्के होते. तरीही निम्म्याहून अधिक उष्णता गेलीच!

आपल्या स्नायूंची कार्यक्षमता तरी किती? फार तर २५ टक्के. पण उरलेल्या उष्णतेवरच शरीर आपले ३७ अंश राखते. कुडकुडणे म्हणजे तर केवळ उबेसाठी स्नायूंनी केलेली मेहनत.

मग केंद्रांनी हेच का करू नये? अडचण अशी, की समुद्रात सोडलेले पाणी जेमतेम दहा-बारा अंशांनी वाढलेले असते. त्याने घर तापत नाही. त्यासाठी टर्बाइनमधून थोडी वाफ आधीच काढून घ्यावी लागते, आणि तेवढी वीज घटते. हा सौदा काहींनी पत्करला. स्वीडनच्या ओगेस्टा अणुभट्टीने १९६४ ते १९७४ या काळात स्टॉकहोमच्या फार्स्टा उपनगराला ऊब पुरविली. स्वित्झर्लंडचे बेझनाऊ केंद्र १९८० च्या दशकापासून आसपासच्या गावांना नळांवाटे उष्णता देत आले आहे. भट्टीतील पाणी घरात येते, असे मात्र कोणी समजू नये. धातूच्या भिंतींआडून केवळ उष्णता पलीकडे जाते. पाणी पाण्यास भेटत नाही.

ब्रिटनमध्ये केंद्रे शहरांपासून दूर बांधली गेली. लांबचे नळ महाग पडतात. लेस्टरच्या घरापर्यंत ते येणार नाहीत, हे आम्ही जाणतो. पण साइझवेलपासून लेस्टन हे गाव दोनएक मैलांवर आहे, आणि जुन्या केंद्राशेजारीच साइझवेल सी उभे राहत आहे. तेथवर नळ नेल्यास वीज किती घटेल आणि किती घरे उबदार होतील, हा हिशेब आपल्या इंजिनिअर मुलामुलींनी करून पुढील संमेलनात मांडावा, अशी आमची विनंती आहे.