जमिनीखालून वाहिनी जाताना

दाभोळ-बेंगळुरू वायुवाहिनीची एक शाखा गोव्यात आली आहे. उद्या हळर्ण गावात कुणाच्या काजूच्या बागेतून अशी वाहिनी आखली, तर काय करावं?

अशा वाहिन्यांसाठीचा १९६२चा केंद्रीय कायदा इथं लागू होतो. जमीन तुमचीच राहते, कंपनीला मिळतो तो वापराचा हक्क. पण त्या पट्ट्यात पुढं घर बांधता येत नाही, विहीर खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. बागायतदाराला खरा फटका बसतो तो इथं. भातशेती मात्र करता येते.

अधिसूचना निघाली की २१ दिवसांत सक्षम अधिकाऱ्याकडं लेखी हरकत नोंदवा. ही मुदत चुकवू नका.

भरपाई दोन प्रकारची असते: झाडं, पीक, बांध यांचं नुकसान, आणि शिवाय जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. म्हणून पंचनाम्याला स्वतः हजर राहा. प्रत्येक माड, काजू, फणस मोजून नोंदवून घ्या, फोटो काढा. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कुळाचं नाव असेल, तर त्यालाही सोबत घ्या. हितसंबंध त्याचाही आहे.

रक्कम पटली नाही, तर जिल्हा न्यायाधीशांकडं दाद मागता येते.